मगदूमांच्या पाटीवरचे दहा अंक

लक्ष्मीपुरीतल्या मगदूमांच्या भांड्यांच्या दुकानात गोमटेश बसतो. वय बेचाळीस, पोट बेताचं, माणूस सरळ. फक्त पाटी नव्याने रंगवून घेताना त्याने फोन नंबरच्या जागी २४३८१९५७६० ही संख्या घातली. तेव्हापासून गिऱ्हाइकं फोन लावतात आणि तो लागत नाही.

वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, जाब विचारला तेव्हा गोमटेशचा चेहरा नवरदेवासारखा फुलला.

"अण्णा, बघा की! शून्य ते नऊ, समदे अंक हायत, एकेकदाच. आन् दोननं भागा, सातानं भागा, तेरानं भागा, पार अठरापर्यंत कशानंबी भागा, पूर्ण भाग जातोय!"

"म्हंजे उरतंय किती?"

"कायबी न्हाय!"

अण्णांनी कपाळाला हात लावला. त्यांनी आयुष्यभर दुकान चालवलं ते काहीतरी उरावं म्हणून. कशीही वाटणी केली तरी ज्यातून दमडी उरत नाही, तो आकडा दुकानाच्या कपाळावर! त्यांनी तो पुसायला गुंडू पेंटरला बोलावलं.

गुंडू शिडीवर चढला. गोमटेशने खाली शिडी धरली. आधार म्हणून की अडवायला, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात गडहिंग्लजचा यज्ञेश्वर आचारी तावातावाने आला.

"चार दिस फोन लावतोय तुमाला! लगीन तोंडावर आलंय!"

"पावणं, त्यो फोन न्हाय. संख्या हाय."

"मग फोन कुठाय?"

"जागा उरली न्हाय."

आचारी भडकणारच होता, पण गोमटेशने अठरापर्यंतची कथा सांगितली आणि त्याचं बोट आपोआप मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर गेलं. अकरा. गेला! सतरा. गेला! "आयला!" शेजारचा चहावाला सोळाने भागत धावत आला. गुंडू शिडीवरून ओरडला, "चौदा बघा, चौदा!" गेला! रस्त्यावरची माणसं कुस्ती निकाली झाल्यासारखी शिट्ट्या मारू लागली. गोमटेशचे पाय जमिनीला लागेनात.

"आता एकोणीस," आचारी म्हणाला. "मला पातेली तेवढीच पायजेत."

गोमटेश शिडीला टेकला. वीसनेही भाग जात होता, पण मधला एकोणीस लग्नात रुसलेल्या जावयासारखा अडून बसला होता. ही गोष्ट त्याने आजवर बायकोलाही सांगितली नव्हती.

"पॉइंट आला," आचाऱ्याने जाहीर केलं. "न्हाय जात."

शिट्ट्या थांबल्या. गुंडूने फडकं रॉकेलमध्ये बुडवलं.

"बारा उरत्यात," गोमटेश पुटपुटला.

गल्ल्यावर अण्णांची मान वर झाली. "किती?"

"बारा."

"एकोणीस जणांत वाटूनबी बारा उरत्यात?"

"व्हय."

अण्णा उठले, बाहेर आले आणि पाटीकडे पहिल्यांदाच आदराने बघत राहिले. "गुंड्या, ठेव ते फडकं. आकड्याला सोनेरी कड मार."

"आन् फोन नंबर?" आचाऱ्याने विचारलं.

"जागा न्हाय, पावणं," अण्णा म्हणाले. "येत जावा की."