नवरदेव वेळेवर

अभिमन तायडेला वरणगावात सगळे मशीनवाला म्हणत. तो दर वेळी दुरुस्त करी. "मशीनवाला नाही. डीजे." समोरचा हसे, आणि मशीनचं भाडं विचारी.

ही गोष्ट एकोणीसशे शहाण्णवची. आमच्याकडे लग्नात तेव्हा बँड असे, नाहीतर भोंगा. भोंगा मांडववाल्याकडून यायचा. कढया, पराती, सतरंज्या आणि भोंगा. तो कोण वाजवतो याला महत्त्व नव्हतं. ज्याच्या हाताला कॅसेट लागेल तो वाजवी.

अभिमन दोन वर्षं सुरतेला मामाकडे होता. मिलमध्ये कामाला. तिथल्या एका हॉलमध्ये त्याने कानाला हेडफोन लावलेला माणूस पाहिला. तो माणूस एक गाणं संपायच्या आत दुसरं सुरू करायचा. नाचणारे थांबत नसत. अभिमनने मिल सोडली आणि त्याच्याकडे वायरी गुंडाळायला राहिला. गावी परतला तेव्हा त्याच्याजवळ दोन कॅसेट डेक, एक अॅम्प्लिफायर, चार मोठे बॉक्स आणि दोन भोंगे होते. जनरेटर त्याने इथे आल्यावर घेतला.

त्याची एकच अट होती. मशीन एकटं जाणार नाही. सोबत तो जाणार, आणि बटणाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. लोकांना हे समजत नसे. तू येऊन काय करशील, असं ते विचारीत. बटण तर आम्हालाही दाबता येतं. अभिमन वाद घालत नसे. तो फक्त मशीन देत नसे. पहिल्या लग्नसराईत त्याला तीन लग्नं मिळाली. तिन्ही आमच्याच वस्तीतली.

मी तेव्हा मराठी घेऊन बी. ए. झालो होतो आणि घरी बसून होतो. जाहिरातीचा कागद तू लिही, असं त्याने मला सांगितलं. मी मंगल क्षण, सुरांची उधळण असं बरंच काही लिहिलं. त्याने ते शांतपणे वाचलं. सगळं खोडलं. खाली दोन शब्द लिहिले. नवरदेव वेळेवर.

मी म्हटलं, यात गाण्याचं काहीच नाही.

"गाणं सगळ्यांकडे आहे," तो म्हणाला.

आमच्याकडचं लग्न ज्यांनी पाहिलं नाही त्यांना हे सांगावं लागेल. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला जातो. पाया पडतो. तिथून मिरवणुकीने मांडवात येतो. पुढे वाजंत्री, मध्ये नाचणारे, मागे घोडा. नाचणारे सगळे मुलाकडचे. ते वाटेत थांबतात. थांबले की कुणी हलवू शकत नाही, कारण मुलाकडच्यांना कुणी काही बोलायचं नसतं. पत्रिकेत मुहूर्त छापलेला असतो. दोन-तीन तास उशिरा अक्षता पडल्या तरी लग्न वेळेवर लागलं असं म्हणतात. तेवढा वेळ मुलीकडचे मांडवात उभे असतात. आणि ज्याला कन्यादान करायचं तो उपाशी असतो.

त्या वर्षी चैत्रात भिकुबाई त्या कागदाची घडी हातात घेऊन अभिमनकडे आली. भिकुबाई आमच्या गावात ब्लाउज शिवायची. नवरा नव्हता. धाकट्या मुलीचं शिंदखेड्याला जमलं होतं.

थोरल्या मुलीच्या लग्नाचं तिने त्या दिवशी सांगितलं. मुहूर्त सव्वाबाराचा होता. अक्षता पडल्या चार वाजता. भिकुबाईच्या नवऱ्याला साखरेचा आजार. सगळे म्हणत होते, थोडं खाऊन घ्या. तो म्हणाला, कन्यादान झाल्यावर. साडेतीनला तो मांडवातच पडला. कन्यादान दुसऱ्याने केलं. नवरा दवाखान्यातून घरी आला, पण पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. पुढच्या वर्षी गेला.

आता कन्यादान तिचे मोठे दीर करणार होते. सुपडूआबा. वय बहात्तर. त्यांनाही सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं. ते ऐकत नव्हते. मुहूर्त संध्याकाळी सहा पस्तीसचा होता. म्हणजे सकाळपासून नुसतं पाणी.

"वेळ चुकली तर मी पुन्हा कुणाच्या लग्नात वाजवणार नाही," अभिमन म्हणाला.

"तसं नको म्हणू भाऊ," भिकुबाई म्हणाली. "तुझं पोट आहे ते. आबा वेळेवर जेवले पाहिजेत, एवढं बघ."

वाजंत्री मुलाकडच्यांनी आणायची असते. भिकुबाईने शिंदखेड्याला निरोप पाठवला की वाजंत्री माझी. मुलाचे वडील देवचंदनाना खूश झाले. त्यांनी फक्त बॉक्स किती ते विचारलं. चार, असा निरोप गेला.

मग अभिमन कामाला लागला. मी बरोबर होतो, कारण मला दुसरं काम नव्हतं. त्याने मारुतीपासून भिकुबाईच्या दारापर्यंतचा रस्ता चार वेळा घड्याळ लावून चालून पाहिला. साधं चालत नऊ मिनिटं लागत होती. वाटेत रुंद जागा कुठे, अरुंद गल्ली कुठे, ते त्याने वहीत लिहिलं. मग एसटीने शिंदखेड्याला गेला. देवचंदनानांच्या घरी जेवला. तुमच्यात सगळ्यांत चांगलं कोण नाचतं, असं त्याने सहज विचारलं. सगळ्यांनी एकच नाव घेतलं. जावई पंडित. कोण लवकर रुसतं, असं विचारलं. पुन्हा तेच नाव आलं.

परत आल्यावर त्याने दोन रात्री कॅसेटी भरल्या. नाचाची अहिराणी गाणी त्याने अरुंद गल्ल्यांच्या नावापुढे लिहिली. रुंद चौकांपुढे सनई, आणि संथ चालीची गाणी. मला ते उलटं वाटलं. चौकात नाचतात, गल्लीत कसे नाचतील?

"तेच तर," तो म्हणाला. "गल्लीत गोल करता येत नाही. अंगात येतं, पण उभं राहायला जागा नसते. मग माणूस पुढे सरकतो. चौकात जागा असते. तिथे अंगात येऊ द्यायचं नाही."

मी तीन वर्षं कवितेतली लय शिकलो होतो. त्याच्या वहीचं ते पान मी बराच वेळ बघत बसलो.

मांडवाच्या फाटकापुढे मात्र त्याने काही लिहिलं नव्हतं. सगळ्यांत मोठा नाच तिथेच होतो. घर आलेलं असतं, पण आत जायचं नसतं. मी विचारलं तर म्हणाला, "तिथे गाणं चालत नाही. तिथलं मला अजून सुचलेलं नाही."

लग्नाच्या दिवशी तीनला आम्ही मारुतीपाशी होतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बॉक्स बांधलेले, वर दोन भोंगे, मागे जनरेटर. ट्रॅक्टरवाल्याला अभिमनने एवढंच सांगितलं होतं की हळू चालव, पण उभं राहायचं नाही. वऱ्हाड साडेतीनला यायचं ते पाचला आलं. नवरदेव पाया पडून घोड्यावर बसला तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

पहिल्या चौकात पोरं गोल करायला लागली. अभिमनने सनई लावली. पोरं वर बघून ओरडली, थोडा वेळ थांबली. सनईवर काय करायचं ते त्यांना कळेना. ती चालू लागली. गल्लीत शिरताच ढोलाचं गाणं लागलं. सगळे उसळले. जागा नव्हती. मागून घोडा येत होता. उड्या मारत मारत सगळी गर्दी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला आली. पंधरा मिनिटांत अर्धा रस्ता झाला. मी ट्रॉलीत एका बॉक्सला धरून उभा होतो. मला हे खरं वाटत नव्हतं.

पाण्याच्या टाकीपाशी जावई पंडित ट्रॅक्टरसमोर आडवा झाला. पाठीवर झोपला, हाताची घडी घातली. त्याला त्याचंच गाणं पाहिजे होतं. ट्रॅक्टर थांबला. नाना बाजूला उभे राहून हसत होते. जावयाला उठ कोण म्हणणार?

अभिमन खाली उतरला. माइकची लांब वायर ओढत पंडितजवळ गेला, उकिडवा बसला. जावईबुवा, म्हणाला, एवढी पाहुणेमंडळी आली, त्यांची नावं माइकवर कुणी घेतली नाहीत. मला तुमचे लोक माहीत नाहीत. हा तुमचा मान आहे. पंडितने माइककडे पाहिलं. उठला. अंगावरची धूळ झटकली. दोघांनी हात देऊन त्याला ट्रॉलीत घेतलं. ट्रॅक्टर निघाला. पंडित शिंदखेड्याच्या पाहुण्यांची एकेक नाव घेत होता, गाव, हुद्दा, नातं सगळं. ज्याचं नाव येई तो टोपी सरळ करून पुढे चाले.

फाटकापाशी आलो तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

आणि तिथे गर्दी थांबली. बायका ओवाळणीचं ताट घेऊन आत उभ्या होत्या. बाहेर शंभर-दीडशे माणूस. आता कुणालाच सनई चालणार नव्हती. पोरांनी ट्रॉली बडवायला सुरुवात केली. मांडवात, खांबापाशी, खुर्चीवर सुपडूआबा बसलेले मला ट्रॉलीतून दिसत होते. कुणीतरी त्यांना वारा घालत होतं. त्यांचं डोकं एका बाजूला कललं होतं.

अभिमनने तेच पाहिलं असावं. त्याने हेडफोन काढला. खाली वाकला आणि जनरेटर बंद केला.

इतकी शांतता मी कुठल्याच लग्नात ऐकली नव्हती. घोड्याच्या गळ्यातले घुंगरू ऐकू येत होते. मग सगळे एकदम बोलायला लागले. देवचंदनाना ट्रॉलीपाशी आले.

"मशीन काबरं बंद कयं?"

"नाचणं झालं नाना. आता लग्न."

"तू कोन सांगनारा? आमना नवरदेव शे. बठ्ठा गाव नाची राह्यना आन तू मशीन बंद करस?"

अभिमन ट्रॉलीच्या फळीवर बसला. जनरेटर सुरू करायची दोरी त्याने हाताला गुंडाळून घेतली.

"आत एक म्हातारा माणूस सकाळपासून पाण्यावर बसलाय," तो म्हणाला. "मी हे चालू केलं तर तो आणखी दोन तास पाण्यावर बसेल. मी करणार नाही. तुम्हाला फोडायचं असेल तर फोडा."

एक पोरगा वर चढला. त्याने लाथ मारली तसा एक भोंगा खाली पडला, त्याची कड चेपली. अभिमनने वळून पाहिलं नाही. तो नानांकडेच बघत होता. मी खाली उतरावं की वर थांबावं, मला कळेना. पंडित हातात बंद माइक धरून माझ्या शेजारी उभा होता. तोही मांडवाच्या आत बघत होता.

"मामा," तो सासऱ्यांना म्हणाला, "म्हातारा खरंच पडी जाई."

नानांची कोंडी झाली. जावयापुढे बोलता येत नव्हतं, आणि मागे हटता येत नव्हतं. तेवढ्यात नवरदेव घोड्यावरून उतरला. मुलीच्या भावाने उतरवून घ्यायचं असतं. मान असतो तो. तो आपला आपणच उतरला, मुंडावळ्या सावरल्या, गर्दीतून वाट काढत फाटकाशी गेला आणि भिकुबाईसमोर उभा राहिला. तिने ओवाळलं. मग सगळ्यांनाच आत जावं लागलं.

सहा पस्तीसला अक्षता पडल्या. अभिमनने मांडवाच्या दाराशी उभं राहून घड्याळात पाहिलं, आणि घड्याळ मनगटावर नीट फिरवून घेतलं. सात वाजून दहा मिनिटांनी सुपडूआबांनी कन्यादानाचं पाणी सोडलं. भिकुबाईने स्वतः त्यांना पानावर बसवलं. आबांनी वरण-बट्टी चुरली, पहिला घास घेतला, आणि तूप कमी आहे म्हणाले. भिकुबाई तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. नंतर ती तूप आणायला उठली.

नाना जेवायला जाताना ट्रॉलीपाशी थांबले. आवाज चढवला नाही. शिंदखेडा तालुक्यात तुला कुणी बोलावणार नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. अभिमन म्हणाला, बरं नाना. पुढे तसंच झालं. शिंदखेडाच काय, मुलाकडच्या कुणीच त्याला पुन्हा कधी बोलावलं नाही. त्याला बोलावायला येत त्या मुलींच्या आया, मावश्या, क्वचित एखादा बाप. पुढे धुळ्यापर्यंतची लग्नं मिळाली, तीही अशीच. पण हे त्या संध्याकाळी आम्हाला माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी अभिमनने जनरेटर पुन्हा सुरू केला. माइकवर सांगितलं की आता ज्यांना नाचायचं त्यांनी नाचावं, मशीन कुणी थांबवणार नाही. शिंदखेड्याची पोरं हाताची घडी घालून उभी राहिली. रुसली होती. गाणं रिकाम्या अंगणात वाजत राहिलं. मी म्हटलं, बंद कर आता. तो नाही म्हणाला.

मग स्वयंपाकाकडून झुंबरबाई आली. भिकुबाईची नणंद. पदराला हात पुसत आली आणि अंगणाच्या कडेला उभी राहिली. तिच्यामागे आणखी दोघी. मुलीकडच्या बायका लग्नात नाचत नाहीत. नाचायला वेळच नसतो. त्या ताट घेऊन वाट बघत असतात, नंतर वाढत असतात, नंतर रडत असतात. आज सगळं वेळेवर झालं होतं आणि त्यांच्या हातात काही नव्हतं.

झुंबरबाईने पदर कमरेला खोचला. एक पाऊल टाकलं. हसली. दुसरं टाकलं. बाकीच्या दोघी तिच्या दोन्ही बाजूंनी आल्या. थोड्या वेळाने आठ-दहा झाल्या.

अभिमनने कानाला हेडफोन लावला. हे गाणं संपायला अर्धं मिनिट उरलं होतं. त्याच्या वहीत पुढचं काही लिहिलेलं नव्हतं. त्याने कॅसेटींच्या पेटीत हात घातला, एक काढली, ठेवली, दुसरी काढली. झुंबरबाईच्या पायांकडे बघत त्याने दुसऱ्या डेकचं बटण दाबलं. तिचा पाय जमिनीवर पडला आणि नवं गाणं सुरू झालं. मध्ये कुणी थांबलं नाही.