झेरॉक्सच्या दुकानात हरवलेला धूमकेतू

तमाम नागरिकांस कळविण्यात अत्यंत दुःख होत आहे की, सन २०१७ मध्ये डहाणू रोड स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात एक धूमकेतू सापडला आणि दुकानाच्या मालकाने तो तिथल्या तिथे मोडीत काढला. मालक म्हणजे अस्मादिक.

अवकाशात एक दुर्बीण आहे, ती अष्टौप्रहर सूर्याकडे बघते. मधला सूर्य चकतीने झाकलेला, भोवती त्याची प्रभा. तिचे फोटो रोज इंटरनेटवर येतात, कुणीही बघावेत. सूर्याच्या अंगाला घासून जाणारे धूमकेतू त्यात बारीक ठिपक्यासारखे दिसतात. लागोपाठच्या चार-पाच फोटोंत ठिपका एका रेषेत चकतीकडे सरकला, की तो धूमकेतू. जो आधी कळवेल, शोध त्याचा. बहुतेक धूमकेतू चकतीमागे जातात ते जातातच. जळून संपतात.

हे मला शिकवलं आमच्या विज्ञानाच्या सरांनी. निवृत्त होऊन ते तलासरीला राहत. डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टर म्हणाले होते, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जपा. उरलेल्या नजरेचं काय करायचं ते सरांनी ठरवून टाकलं: एक धूमकेतू, स्वतःच्या डोळ्यांनी. स्क्रीनकडे बघितलं की डोळ्यांतून पाणी यायचं, म्हणून दर गुरुवारी दुपारी ते एसटीने डहाणूला यायचे. मी ताजे फोटो मोठे करून छापून द्यायचो. काळं आकाश छापलं तर टोनर संपेल, म्हणून रंग उलटे करायचो. पांढरं आकाश, काळे तारे. सर बाकड्यावर भिंग घेऊन बसत.

वरोरची एक मावशी रेशनकार्डाच्या कॉपी काढायला आली होती. "काय बघतात रे मास्तर?"

"सूर्य," मी म्हटलं.

"अगो बाई! तो तर बाहेर फुकट दिसतो!"

"बाहेर बघितला की डॉक्टर ओरडतात, मावशी," सर म्हणाले.

जूनमधला एक गुरुवार. दाखल्यांच्या कॉप्यांसाठी रांग लागलेली. सर उठून काउंटरपाशी आले. हातातली पानं त्यांनी माझ्यापुढे पसरली. "अरे, हा बघ. पाचही पानांत आहे. सरकतोय."

आता मी माझ्या धंद्यातला महापंडित. मशीनच्या ड्रमवर, म्हणजे आतल्या फिरत्या रुळावर, ओरखडा पडला की पानावर काळा ठिपका उमटतो, आणि ड्रमचा घेर पानाच्या लांबीशी जुळत नाही, म्हणून तो पानागणिक सरकतोही. त्या आठवड्यात माझ्या ड्रमवर ओरखडा होताच.

"सर, तो ड्रमचा डाग!" मी रांगेकडे वळून जाहीर केलं. "माझ्या मशीनला कांजिण्या आल्यात!"

रांग हसली. सरही हसले. मग त्यांनी पानं जुळवून नीट घडी केली आणि काउंटरवर ठेवली. "खरंय. माझ्या डोळ्यांचं काय धरून बसायचं आता," म्हणाले.

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

दिवाळीनंतर मेकॅनिकने ड्रम बदलला. चाचणीला काहीतरी छापायचं म्हणून मी तेच पाच फोटो छापले. ड्रम कोरा करकरीत, आणि ठिपका होता. पाचही पानांत. इंटरनेटवर धूमकेतूंच्या शोधांची यादी उघडली. त्याच दिवशीचा, त्याच जागेचा धूमकेतू परदेशातल्या कुणाच्या तरी नावावर होता. सरांनी मला दाखवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी कळवलेला.

ज्याच्या तोंडाला कधी कुलूप नसतं तो मी तीन महिने गप्प बसलो. तलासरीची एसटी दुकानासमोरून गेली की काहीतरी शोधायला टेबलाखाली वाकायचो.

शेवटी गेलो. सर अंगणात खुर्चीवर बसले होते.

"कोण?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, भर दुपारच्या उन्हात. नाव सांगितलं. मग ड्रम, यादी, दुसरा दिवस, सगळं सांगितलं. एकही विनोद केला नाही. आता शिव्या येतील म्हणून मान खाली घालून उभा राहिलो.

सर खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, चहा घेऊन दारात आल्या होत्या. सर मात्र विहिरीकडे तोंड करून ओरडले, "अगं, ऐकलंस का? मला दिसला होता!"