निल्मिनीवहिनीचा अर्ज

माझा भाऊ रतन हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. नव्व्याण्णव साली कामासाठी कोलंबोला गेला आणि वर्षभरानं लग्न ठरवूनच परतला. निल्मिनीवहिनी कसबा पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत आली ती अशी. आमच्या आईनं तिला ओवाळून घरात घेतलं, पण पुढं कितीतरी दिवस ती वहिनीशी माझ्यामार्फतच बोलायची. "तिला सांग, गॅस बारीक कर."

दर वर्षी वहिनी इथं राहण्याच्या परवान्याची मुदत वाढवून घ्यायला पोलीस आयुक्तालयात जायची. सात वर्षं झाल्यावर तिनं भारताच्या नागरिकत्वासाठी अर्ज केला. चौकशीला एक हवालदार घरी आले. वहिनी जमिनीवर बसून मेथी निवडत होती.

"परदेशी बाई कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासमोर मेथी निवडतेय ती," आई म्हणाली.

हवालदार ओशाळले. "मराठी येतं का त्यांना?"

"माझ्याशी रोज मराठीतच भांडते. लिहून घ्या."

"इथं कायमच्या राहतील ना?"

आई म्हणाली, "ती नसली की मला करमत नाही. हे तुमच्या कागदात कुठं बसतं ते बघा."

वहिनीनं मान वर केली नाही. त्या दिवशी भाजीत पानांपेक्षा काड्याच जास्त होत्या.

कागद यायला आणखी दीड वर्ष गेलं. जुना श्रीलंकेचा पासपोर्ट जमा करून आली त्या दिवशी वहिनी जेवली नाही. पुढच्याच आठवड्यात आईनं स्वतःच्या पासपोर्टसाठी फोटो काढून घेतले. "तुझ्या आईला मी अजून पाहिलेलं नाही," एवढंच म्हणाली.

दोघी कोलंबोच्या विमानानं निघाल्या. उतरण्याआधी परदेशी प्रवाशांना भरायची कार्डं वाटली. वहिनीनं आईचं भरलं, मग आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं घेतलं. येण्याचं कारण लिहायच्या जागी तिचं पेन अडलं.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"घरी आलेय, असं लिहिता येत नाही आता."

"मग आईला भेटायला आलेय असं लिही."

वहिनीनं तसंच लिहिलं.

वहिनीच्या गॉलमधल्या माहेरी आई आठ दिवस राहिली. विहीणबाईंना मराठी येत नव्हतं, आईला सिंहली. दोघी रोज सकाळी ओसरीवर नारळ खवत बसायच्या आणि आपापल्या भाषेत बोलत राहायच्या.

आईला जाऊन आता सहा वर्षं झाली. त्या दोघी काय बोलायच्या, असं मी परवा वहिनीला विचारलं.

"काय माहीत," ती म्हणाली. "मी मध्ये पडलेच नाही."