सकाळीच खरखरणारा स्टार्टर

माझा स्वभाव मुळात संशयी, आणि नोकरीही तशीच मिळाली. कृषी खात्यात बियाण्यांचे नमुने गोळा करायचं काम. वऱ्हाडात ती वर्षंच अशी होती, की पेरलेलं उगवेल याची कुणालाच खात्री नव्हती. शेतकरी दुकानदाराकडे वाकड्या नजरेने बघायचा, दुकानदार माझ्याकडे, आणि मी दोघांकडे. नमुना घेण्याची आमची एक पद्धत होती. दुकानदाराला समोर उभं करायचं, पिशवी त्याच्या डोळ्यांदेखत फोडायची, लाखेचं सील त्याच्या डोळ्यांदेखत लावायचं. उद्या 'साहेबांनी माल बदलला' म्हणायला त्याला जागा ठेवायची नाही. समोर उभं राहणाऱ्या त्या माणसाला काय वाटत असेल, याचा विचार मी कधी केला नव्हता.

आमचं गाव बाळापूरपासून सायकलच्या अंतरावर, ऑफिस अकोल्याला, आणि जाण्यायेण्याला माझी जुनी डिझेल जीप. त्या वर्षी दिवाळीनंतर थंडी पडली आणि जीपचा स्टार्टर झोपेत दात खाणाऱ्या माणसासारखा खरखरू लागला. चावी फिरवली की लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज, अंगावर काटा आणणारा, आणि इंजिन जागच्या जागी. सहा-सात वेळा प्रयत्न केल्यावर एकदाची गाडी सुरू व्हायची. ऊन चढल्यावर मात्र पहिल्याच चावीला. अकोल्यात ऑफिसच्या आवारात तर ती अशी निमूट सुरू व्हायची, की माझं म्हणणं कुणी खरंच मानत नसे.

मी माझ्या परीने तपास केला. बॅटरी नवी होती. तिची टोकं काढून घासली, वायरी आवळल्या, स्टार्टरचे बोल्ट पाना लावून पाहिले. सगळं जागच्या जागी. वडील म्हणाले, "रातच्याले बोनेटवर गोधडी टाकत जाय." टाकली, तर खरखर खरंच कमी झाली. खरं तर तिथेच मला उत्तर मिळायला हवं होतं. पण मला उत्तर नकोच होतं. माझा गुन्हेगार ठरला होता.

गुन्हेगार म्हणजे बाळापूरचा मिस्त्री. दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी त्याने स्टार्टर खोलून दुरुस्त केला होता. दोन दिवस तो त्याच्याच दुकानात पडून होता, आणि मला त्याने नेहमीप्रमाणे "जाय बेटा, चाय पिऊन ये" म्हणून बाहेर पाठवलं होतं. या माणसाला मी लहानपणापासून चाचा म्हणायचो. त्याच्या वडिलांनी आमच्या बैलबंडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवल्या होत्या. ईदेला त्याच्याकडून शीरखुर्मा यायचा, आमच्या घरून भुईमुगाच्या शेंगा जायच्या. एवढं सगळं असूनही मला वाटायला लागलं, की याने माझा चांगला स्टार्टर दुसऱ्या कुणाच्या गाडीला बसवला आणि कुणाचा तरी झिजलेला माझ्या गळ्यात मारला. चहाला पाठवण्याची सवयसुद्धा मला आता डाव वाटू लागली.

एका दुपारी मी जीप त्याच्या दुकानापुढे उभी केली. त्याने चावी फिरवली. गाडी लगेच सुरू.

"कुठं हाय आवाज?" त्याने विचारलं.

"इथं कसा येईल? तो सकाळीच येते."

"थंडीनं व्हत असन."

"थंडी मागच्या सालीबी होती चाचा. तवा काहून नाई आला?" आणि मग, दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली असताना, मी म्हणालो, "हा स्टार्टर माहाच हाय, का बदललेला हाय?"

त्याने हातातला पाना खाली ठेवला, चिंधीला हात पुसले, बराच वेळ पुसले. मग एवढंच म्हणाला, "सकाळी येतो. गाडीले हात नको लावू."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या बेतात तो सायकलवरून आला. कानाला मफलर, हँडलला हत्यारांची पिशवी. वडील ओसरीवर चहा घेत बसले होते. त्यांनी त्याला बोलावलं, तर म्हणाला, "पह्यले काम, भाऊ."

मी चावी फिरवली. खर्रर्र. त्याने डोळे मिटून ऐकलं. पुन्हा फिरवायला लावली. मग घरातून गरम पाणी मागवलं, त्यात फडकं पिळून स्टार्टरच्या पुढच्या तोंडाभोवती गुंडाळलं आणि दोन-तीनदा बदललं. "आता मार." मी चावी फिरवली आणि जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"पाह्य," तो म्हणाला, "पार्ट झिजला असता तर गरम पाण्यानं नवे दात फुटले असते का त्याले? आत काहीतरी गोठून बसते."

तो पोत्यावर आडवा होऊन गाडीखाली सरकला. तिथे दोन बोल्टांची एक पत्र्याची झाकणी असते. ती काढली की स्टार्टरचं छोटं दातेरी चाक दिसतं. चावी फिरवली की ते दांडीवरून पुढे सरकतं, इंजिनच्या मोठ्या चाकात अडकतं आणि त्याला फिरवतं. दांडी कोरडी असावी लागते, म्हणजे चाक पुरतं सरकतं. अर्धवट सरकलं तर दातावर दात घासतात. मी वाकून बघत होतो. त्याने आत बोट घातलं, बाहेर काढलं, नाकाशी नेलं. बोटावर काळसर चिकट लगदा होता.

मग त्याने ओसरीकडे पाहिलं. वडील बशीत चहा ओतत होते.

"माही चूक हाय," तो एकदम मोठ्याने म्हणाला, ओसरीपर्यंत ऐकू जाईल असं. "साफ न करता बसवला म्या." रॉकेल मागून त्याने सगळं धुतलं, पुसलं, कोरडं केलं. हात धुतले आणि चहा न घेता निघून गेला.

चिंधी तिथेच पडली होती. मी उचलून हुंगली. एरंडेल. राख कालवलेलं एरंडेल. तो वास मी जन्मात विसरणार नाही. आमच्या बंडीच्या आसाचा वास. गोठ्यात गेलो. बैल आणि बंडी आम्ही त्याच उन्हाळ्यात काढून टाकले होते. पण वंगणाचा बांबूचा नळा खुंटीला होता, आणि त्याचं तोंड ओलं होतं.

वडिलांना विचारलं तर ते सहज म्हणाले, "दसऱ्याले देल्लं ना वंगण. साऱ्या जिंदगीत दसऱ्याले बंडीले वंगण चुकलं नाई. आता बंडी नाई, मंग म्हटलं जीपले तरी द्यावं. खालची झाकणी खोलून, चाक देखून देल्लं बरोबर, दातेरीच. काहून, बिघडलं का काही?"

"नाई," मी म्हणालो. "चांगलं केलं."

मला माझी इतकी लाज कधीच वाटली नव्हती. त्याच दिवशी मी दुकानात गेलो. कालचीच माणसं जमेपर्यंत मुद्दाम थांबलो, आणि सगळ्यांदेखत सांगितलं, की चाचांची चूक नव्हती, स्टार्टरमध्ये तेल मीच ओतलं होतं. लोक खो-खो हसले. एवढा शिकलेला साहेब आणि स्टार्टरला तेल पाजतो! चाचाही हसला, थोडा. वडिलांचं नाव मी घेतलं नाही हे त्याला कळलं. त्याने मान हलवली. मला वाटलं, मिटलं.

पुढच्या महिन्यात ब्रेकच्या कामासाठी गेलो. मी सवयीने चहाच्या टपरीकडे वळलो, तर त्याने हाक मारली. जीपच्या चाकाजवळ त्याने एक लाकडी स्टूल आणून ठेवलं होतं, फडक्याने पुसून.

"बसा साहेब," तो म्हणाला. "तुमच्या समोर खोलतो."

आवाजात राग नव्हता. काढलेला प्रत्येक भाग त्याने माझ्यासमोर धरला, जुना भाग कागदात बांधून माझ्या हातात दिला, आणि नवा बसवण्याआधी पुन्हा दाखवला. मी प्रत्येक वेळी "हो" म्हणत राहिलो.

त्यानंतर बारा वर्षं जीप त्याच्याकडेच जात होती. ईदेचा शीरखुर्मा येत राहिला, वडील होते तोवर आमच्या शेंगाही गेल्या. चहाला मात्र त्याने मला पुन्हा कधी पाठवलं नाही. मी गाडी उभी केली, की तो आधी आत जाऊन स्टूल आणायचा.