बाराव्या ओळीतला आकडा

सी शादली, म्हणजे शादलीसाहेब, आयुष्यभर धोक्यांना गुण देत आले. ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरात, बंदराजवळ एका जुन्या व्यापारी कंपनीत त्यांचं टेबल होतं. नवा उद्योग काढायचा ठरला की कागद आधी त्या टेबलावर यायचा. त्यात काय काय वाईट घडू शकतं, ते शादली बारा ओळींत लिहायचे. घडण्याची शक्यता एक ते पाच, घडलंच तर नुकसान एक ते पाच, आणि दोन्हींचा गुणाकार. शेवटी बाराही ओळींची सरासरी काढायची. ती सहाच्या आत आली तर उद्योग सुरू, नाहीतर कागद कपाटात.

ही सरासरी त्यांच्याच डोक्यातून निघालेली. आधीचे म्हातारे मालक भलते भित्रे होते. एका ओळीत मोठा आकडा दिसला की अख्खा उद्योग केराच्या टोपलीत. शादलींनी जीव ओतून मांडलेला बदामाचा कारखाना असाच एका ओळीपायी गेला, तेव्हा चिडून त्यांनी ही रीत काढली. "एका ओळीनं अकरा ओळींचा गळा दाबायचा नाही," असं ते म्हणायचे. मालकांना ते पटलं, आणि पुढची वीस वर्षं शादली त्या कौतुकावर जगले. माणसाला स्वतःच्या अकलेचं इतकं कौतुक असू नये, पण असतं.

घरीही तोच खेळ चालायचा. त्यांची एकुलती एक मुलगी सुंदुस लहानपणी समुद्रावर निघाली की कमरेवर हात ठेवून विचारायची, "बाबा, किती?"

"शक्यता दोन, नुकसान पाच. दहा. आईचा हात धरलास तर पाच."

मग ती आईचा हात धरून जायची. पुढे वजदीचं स्थळ आलं तेव्हाही तिनं तेच विचारलं. "सहा," शादली म्हणाले. "कामाचा पत्ता नाही. पोरगा चांगला आहे, पण दुसऱ्यासाठी नको तितका धावतो." सुंदुस हसली आणि तिनं वजदीशीच लग्न केलं.

लग्नानंतर दोन वर्षं वजदीला काम मिळालं नाही. एका शुक्रवारी सुंदुसनं वडिलांपुढे कुसकुसचं ताट ठेवलं आणि ती समोरच बसली.

"बाबा, तो बोटवाल्यांना भेटतोय. चोरून समुद्रापार इटलीला जायचं म्हणतो. एखाद्या दिवशी मला न सांगताच निघून जाईल हो. तुमच्या त्या नव्या कारखान्यात चिकटवा ना त्याला."

"कारखाना अजून कागदावर आहे गं."

"मग उतरवा की खाली! कागद तुमच्याच हातात असतो ना?"

खरंच त्यांच्या हातात होता. ऑलिव्हचं तेल काढून उरलेल्या चोथ्यापासून जळणाच्या विटा करायचा तो कारखाना होता. चोथ्यातून निथळणारं काळं पाणी अंगणाखालच्या खोल, झाकलेल्या खड्ड्यात साचणार होतं. नकाशात त्या खड्ड्याला एक शिडी होती, वारा खेळायला जागा नव्हती. असल्या खड्ड्यात एक उतरतो आणि कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो, हे शादलींना ठाऊक होतं. बाराव्या ओळीत त्यांनी लिहिलं: खड्ड्यातला वायू, शक्यता पाच, नुकसान पाच, पंचवीस. एवढा आकडा त्यांनी नोकरीत कधी लिहिला नव्हता.

उरलेल्या अकरा ओळी किरकोळ होत्या. त्यांचे मिळून पस्तीस झाले. एकूण साठ, सरासरी पाच.

शादली बराच वेळ त्या पाचाकडे बघत बसले. तोंड उघडलं तर नकाशा नव्याने होणार आणि वर्ष जाणार. वजदी वर्षभर थांबणार नव्हता. बोटीलाही त्यांनी मनात गुण दिले. तेही पंचवीसच आले.

बैठकीत तरुण मालक सी फाखेर यांनी कागद वर धरला. "सी शादली, हे पंचवीस कसले? लाल शाई संपवायची होती का?"

सगळे हसले.

"थट्टा सोडा. काही सांगायचंय तुम्हाला?"

शादलींच्या हातात चहाचा पेला होता. त्यात तरंगणारे बदाम त्यांनी उगाच मोजले. "सरासरी पाच आहे," ते म्हणाले. "रीतीत बसतंय."

कारखाना उभा राहिला. वजदीला अंगणावर देखरेखीचं काम मिळालं. पहिल्याच दिवशी शादलींनी त्याला कॅफेत गाठलं. "त्या खड्ड्यात उतरायचं नाही. आतून कुणी हाका मारल्या तरी नाही. शपथ घे."

"घेतली, काका! मला पोहता येत नाही म्हणून तर बोट सोडली. खड्ड्यात कशाला मरायला जाऊ?"

दुसऱ्या हंगामात, जानेवारीतल्या एका सकाळी, पंपाचा नळ तुंबला म्हणून बशीर नावाचा कामगार खाली उतरला आणि पडला. वजदीनं वरून दोनदा हाका मारल्या. मग मफलर तोंडाला बांधून तो शिडीवरून खाली गेला. अग्निशमनवाल्यांनी दोघांना वर काढलं तेव्हा मफलरची गाठ तशीच होती.

चौकशी झाली. कंपनीनं शादलींचा कागद पुढे ठेवला. सरासरी पाच, सगळं रीतसर, दोष कुणाचाच नाही. बाहेर पडताना फाखेर यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्या कागदानं वाचवलं हो आम्हाला." शादलींना तो हात झटकून टाकायचा होता. तेवढंही त्यांच्याच्यानं झालं नाही.

वजदी गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी पाहुणे गेले आणि बाप-लेक दोघंच उरले. सुंदुस रिकामी ताटं एकात एक घालत होती. घालता घालता ती थांबली.

"बाबा, त्या खड्ड्याला किती दिले होते?"

चार म्हणता आलं असतं. दहा म्हणता आलं असतं. चुकलेल्या बापाला मुलगी कधीतरी माफ करते. पण तिच्याशी आकड्यात खोटं बोलायची शादलींना सवय नव्हती.

"पंचवीस."

सुंदुस त्यांच्याकडे बघत राहिली. लहानपणी पहिल्या आकड्यानंतर बाबा नेहमी दुसरा सांगायचे, हात धरलास तर एवढे. ती त्याचीच वाट बघत होती.

"मग?"

"मग सरासरी काढली."

तिनं ताटं होती तशीच खाली ठेवली, चपला घातल्या आणि ती निघून गेली. त्यानंतर तिनं बाबांना कधीही, काहीही विचारलं नाही.