मागच्या दाराने जाणारा डबा

पळीदादा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी रेडिओवाल्यांनी त्याचाच एक जुना कार्यक्रम लावला. कढईच्या काठावर पळीचे ठोके, आणि मग तो घोगरा, भरल्या पोटाचा आवाज: "चला, चूल पेटली का?" ज्यांच्या घरी चूल कधीच नव्हती, तीही माणसं इतकी वर्षं सकाळी "पेटली" म्हणत आली होती. न्हावी वस्तरा थांबवून म्हणायचा, बसचा ड्रायव्हर गाडी चालवता चालवता. त्याच्या बहिणीने मात्र त्या दिवशी रेडिओ बंद केला. जो उठून गेला, त्याने चूल पेटली का विचारावं, हे तिला सोसेना.

तिला सगळे ताई म्हणत. ताई वजनमापे खात्यातून निवृत्त झालेली. दुकानदारांचे काटे तपासण्यात जन्म गेला, त्यामुळे काटा अगदी सरळ दिसला की तिला उलट जास्त संशय यायचा. आईबाप लवकर गेले तेव्हा भावाला तिनेच वाढवलं. तो एका खानावळीत भांडी घासता घासता आचारी झाला, मग त्याने स्वतःची खानावळ काढली, आणि त्याची बडबड ऐकून रेडिओवाल्यांनी त्याला माईकसमोर नेऊन बसवलं. कांदा किती परतायचा हे तो मिनिटांत सांगत नसे. "कांद्याचा राग गेला की थांबा," म्हणायचा. लोकांना ते लगेच समजायचं. लग्न दोघांनीही केलं नाही. रात्री एकत्र जेवायची, भांडायची आणि आपापल्या खोलीत झोपायला जायची.

रेडिओच्या इमारतीत शोकसभा झाली. केंद्राच्या बाई बोलायला उठल्या. "मधे दादांना तो मोठा ताप आला होता," त्या म्हणाल्या. "त्या आजारपणानंतर ते जास्तच खुलले. आधी ते पदार्थ सांगायचे. नंतर चव सांगायला लागले."

सभागृहात रुमाल निघाले. पण शेवटच्या रांगेतला एक उंच, किडकिडीत माणूस चक्क हसला. हसला आणि लगेच मान खाली घातली. त्याची बोटं धातूच्या कणांनी काळी झालेली होती. सभा संपायच्या आतच तो निघून गेला.

ताईच्या मनात पाल चुकचुकली. तिने दाराशीच खानावळीतल्या थोरल्या स्वयंपाकिणीला गाठलं.

"तो कोण गं?"

"किल्लीवाला. मागच्या गल्लीतला." स्वयंपाकीण इकडेतिकडे बघू लागली.

"बोल. तोंडात मूग धरून बसू नकोस."

"दादा रोज दुपारची गर्दी व्हायच्या आधी डबा घेऊन मागच्या दाराने त्याच्याकडे जायचे. कुणाला बरोबर येऊ द्यायचे नाहीत."

"डब्यात काय?"

"त्या दिवशी जे शिजलं असेल ते. सगळ्यातलं चमचा चमचा."

"तू विचारलं नाहीस?"

"विचारलं की. म्हणाले, कुलूप नीट लागत नाहीये."

"कुलुपाला डबा कशाला लागतो?"



घरी आल्यावर ताईला चैन पडेना. रोज डबा पोचवायचा म्हणजे हा माणूस भावाचं काहीतरी जाणून होता आणि ते गप्प ठेवण्यासाठी त्याचं तोंड भरावं लागत होतं. त्यात धंदा किल्ल्यांचा. तिने कपाटं उघडून पाहिली, खण उपसले, काही गेलेलं दिसलं नाही. तरीही घराचं कुलूप बदललं. अर्थातच दुसऱ्या किल्लीवाल्याकडून.

मग एक जुनी किल्ली घेऊन ती खानावळीमागच्या गल्लीत गेली. दुकान म्हणजे एक फळी, एक यंत्र आणि मागच्या भिंतीवर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. फळीच्या आत दोन स्टुलं होती. एकट्या माणसाला दोन स्टुलं कशाला, हे ताईने टिपून ठेवलं.

किल्ली पुढे करून ती उभी राहिली, पण ताकाला जाऊन भांडं लपवणं तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

"माझा भाऊ इथे कशाला यायचा?"

"कुलूप दाखवायला," यंत्रावरची नजर न काढता तो म्हणाला.

"कुठलं?"

"खानावळीच्या मागच्या दाराचं."

"त्या दाराला आतून कडी आहे. कुलूप कधी नव्हतंच."

यंत्र थांबलं. किल्लीवाल्याने हात पुसले, पुन्हा पुसले.

"मी त्यांना शब्द दिलाय, ताई. खाल्ल्या मिठाला जागायला नको?"

"मीठ तरी बरोबर असायचं का?" ताई टोचून बोलली.

"बहुतेक वेळा जास्त," तो पटकन बोलून गेला, आणि जीभ चावली.

ताई फळी उचलून आत गेली आणि रिकाम्या स्टुलावर बसली. पळीदादाच्या खानावळीत मीठ जास्त पडलं, असं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. "आता सगळं सांगा," ती म्हणाली. "मला घाई नाही."

"तापानंतर त्यांना वास येईना," तो हळू आवाजात म्हणाला. "मग चव गेली. परत आलीच नाही. एकदा किल्ली करायला आले होते, तेव्हा मी जेवत होतो. सवयीप्रमाणे जेवणाला नावं ठेवत होतो. माझी बायको म्हणायची, खातोस घासभर, टीका ताटभर. ते उभे राहून ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आले."

"आणि?"

"तुम्ही बसलात ना, तिथेच बसायचे. मी खायचो. ते विचारायचे: जिभेला आधी काय लागलं? मागून काय राहिलं? मीठ जास्त म्हटलं की जाऊन सुधारायचे, मगच ते गिऱ्हाइकाच्या ताटात पडायचं. मला शब्द सापडला नाही तर चिडायचे. मग मी सुचेल ते बोलायचो. 'कांद्याचा राग' हे शब्द माझेच. त्या बाई म्हणाल्या ना, दादा चव सांगायला लागले, तेव्हा मला हसू आलं. वाईट वाटलं नंतर."

ताईने त्याच्याकडे रोखून पाहिलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शहराला इतकी वर्षं चव वाटणाऱ्या माणसाला स्वतःलाच चव नव्हती, हे कसं मानायचं? हे बेणं मेलेल्या माणसाच्या नावावर मोठं होऊ पाहतंय, असंही तिला वाटून गेलं.

"कशावरून खरं?"

"घरचा डबाही आणायचे कधीकधी. तुम्ही एकदा भोपळ्यात मीठ विसरला होतात. ते मी सांगितलं."

ताईला ती संध्याकाळ आठवली. जेवता जेवता भाऊ म्हणाला होता, "ताई, सकाळी भोपळ्यात मीठ विसरलीस." तिने त्याला चार शब्द सुनावले होते, पण मनातून खूश झाली होती, की एवढा मोठा झाला तरी आपल्या डब्याकडे याचं लक्ष आहे. स्वयंपाकघरात तेव्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं.

"मला का सांगितलं नाही त्याने?"

"मी विचारलं होतं. म्हणाले, ताईला कळलं तर ती रोज विचारेल, आज चव लागली का? आणि मला रोज नाही म्हणावं लागेल."

ती तशीच उठली. किल्ली न्यायचीही राहिली.

आठवणींच्या कार्यक्रमासाठी रेडिओवाल्यांनी बोलावलं तेव्हा ताईने माईकसमोर सगळं सांगून टाकलं. किल्लीवाल्याची ओळख तेवढी दिली नाही. तिच्या मते यात लपवण्यासारखं काही नव्हतं. चव गेलेला माणूस इतकी वर्षं चुकला नाही, हे तर कौतुकच होतं.

लोकांना तसं वाटलं नाही. जो संशय आजवर ती दुसऱ्यांवर घेत आली, तो आता तिच्यावर फिरला. मासेवालीने वजन करताना बोलणं सोडलं. न्हाव्याने दुकानात जाहीर केलं, की भाऊ गेल्यावर बहिणीच्या पोटातला मत्सर बाहेर आला. खानावळीतली नेहमीची गिऱ्हाइकं पहिला घास तोंडात घोळवून एकमेकांकडे बघू लागली. "आता कोण चाखतं?" असं स्वयंपाकिणीला कुणी तोंडावर विचारलं. ताई हे सगळं ऐकत होती आणि आतून जळत होती, पण एकाही शब्दाने मागे हटली नाही.

मग एका दुपारी तिच्या दारात एक अनोळखी बाई आली. हातात डबा.

"आजारपणात माझ्या नवऱ्याची चव गेली," ती म्हणाली. "ताटावरून उठून जातो. तुमचे भाऊ कसं निभावायचे?"

ताईने आधी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. कुणी पाठवलं तुला, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या बाईच्या डोळ्यांत कुतूहल नव्हतं, नुसता थकवा होता.

"मला ठाऊक नाही," ताई म्हणाली. "मी रोज शेजारी बसून जेवत होते, तरी त्याने मला कळू दिलं नाही. पण एक माणूस आहे. चल."

किल्लीवाल्याने दोघींना पाहून यंत्र बंद केलं. बाईला त्याने स्टूल दिलं, आणि पळीदादा जेवताना काय करायचा, चवीऐवजी गरम-गाराकडे कसं लक्ष द्यायचा, कुरकुरीत काहीतरी का मागायचा, ते एकेक सांगू लागला. यातलं बरंच त्याने ताईला सांगितलं नव्हतं. ताई फळीला टेकून उभी राहिली. हा अजूनही काहीतरी हातचं राखून बोलतोय, असं तिला वाटत होतं, म्हणून तो थांबेपर्यंत ती तिथून हलली नाही.