बिनड्रायव्हरची खंडेनवमी

आठवीत शाळा सुटली आणि काही वर्षांनी मी किनवटहून नाशिकला आलो. अंबडच्या कारखान्यात मला फोर्कलिफ्टवर बसवलं ते मामांनी. सख्खे मामा नव्हेत. निफाडकडचे, कारखान्यातले सगळ्यात जुने ड्रायव्हर. सुरुवातीला मी त्यांच्याच घरी जेवायचो. मामी वाढताना कधी विचारायच्या नाहीत, अजून किती दिवस म्हणून.

मग शेडमध्ये जमिनीवर काळी पट्टी चिकटवली गेली आणि तिच्यावरून आपोआप माल नेणाऱ्या गाड्या आल्या. त्यांना सीटच नाही. आम्हा सहा जणांपैकी आता दोघं पुरतील, एवढंच साहेब म्हणाले; दोघं कोण, ते दसऱ्यानंतर. गावाकडे आईने सगळ्यांना सांगून ठेवलेलं, पोरगा कंपनीत ड्रायव्हर आहे. त्यावरच माझं लग्न जुळत होतं.

खंडेनवमीला आम्ही आपापल्या गाड्या धुतल्या, हार घातले. साहेब म्हणाले, नव्या गाडीचीही पूजा करा. तिच्या चाकापुढे लिंबू ठेवलं. गाडी निघाली आणि लिंबाच्या अलीकडेच थांबली. लाल दिवा लुकलुकायला लागला.

"नवरी रुसली!" कोणीतरी ओरडलं.

"काही आडवं आलं की ती थांबते," इंजिनियर म्हणाला. "ते लिंबू काढा आधी."

"अहो, नजर लागू नाय म्हणून ठेवलंय," मामा म्हणाले, "अन् हिचीच नजर लिंबावर!"

सगळे हसले. मीही हसलो. मामांनी लिंबू उचललं, स्वतःच्या फोर्कलिफ्टपुढे ठेवलं आणि वर चढून चाकाखाली चिरडलं.

दिवाळीआधी राहणाऱ्या दोघांची नावं कळली. त्यात एक मी. मामांचा पगार जास्त, माझा कमी. साहेबांनी ते लपवलंही नाही. पट्टीवर धूळ बसली की गाडी अडते, म्हणून मामांना तिथं झाडू मारायला ठेवलं. मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"रडतो काय भाच्या? तुझं घर लय लांब हाय. माझं हितंच हाय."

आता ते पट्टी झाडत असतात. मागून ती गाडी येते, थांबते, पीं पीं करते. ते बाजूला होतात. माझी फोर्कलिफ्ट आली तरी तसेच होतात. मी हॉर्न देत नाही, लांबच थांबतो. मामा हातानेच खुणावतात, जा. माल अडलेला असतो, मागून कोणीतरी ओरडतं. मी जातो.